विश्लेषण : गाडीची वॉरंटी संपण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून काय करून घ्यावे?

गाडी विकताना वॉरंटीचे आकडे शोरूममध्ये ठळक अक्षरांत सांगितले जातात. ती संपत आली की मात्र सगळे शांत असते. सर्व्हिसची तारीख जवळ आली की फोन येतात, विम्याच्या नूतनीकरणासाठी संदेशांचा मारा होतो, जुनी गाडी देऊन नवी घेण्याचे आवतणही येते. ‘तुमची वॉरंटी दोन महिन्यांत संपते आहे, गाडीत काही दोष असेल तर आताच दाखवून घ्या’ असा फोन मात्र क्वचितच कुणाला येतो. वॉरंटी ही कंपनीने दिलेली भेट नव्हे. तिची किंमत गाडीच्या किमतीतच वसूल झालेली असते. त्यामुळे ती संपण्याआधी आपल्या हक्काचे काम करून घेणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. ते कसे करून घ्यायचे आणि त्यात अडचणी का येतात, हे समजून घेणे गरजेचे आहे.

वॉरंटीत नेमके काय मिळते?

वॉरंटीला दोन मर्यादा असतात, वर्षे आणि किलोमीटर. यापैकी जी आधी गाठली जाईल तिथे वॉरंटी संपते. काही कंपन्या किलोमीटरची मर्यादा ठेवत नाहीत. देशात सर्वाधिक गाड्या विकणाऱ्या मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किमीवरून तीन वर्षे किंवा एक लाख किमीपर्यंत वाढवली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मुख्य बॅटरीसाठी वेगळी वॉरंटी असते. अनेक कंपन्या ती आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी इतकी देतात.

वॉरंटीचा अर्थ, साहित्यातील किंवा बनावटीतील दोषामुळे बिघडलेला भाग कंपनी मोफत दुरुस्त करेल किंवा बदलून देईल. वापराने झिजणारे भाग, म्हणजे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर, फिल्टर, साधारणपणे त्यात येत नाहीत. टायर आणि बारा व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी बहुधा त्या त्या उत्पादकाची असते. उंदराने कुरतडलेली वायर किंवा पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर इंजिनात शिरलेले पाणी हा वॉरंटीचा नव्हे, विम्याचा विषय आहे. हा फरक मालकाला ठाऊक नसेल तर सर्व्हिस सेंटरमधील अर्धा वेळ चुकीच्या वादात जातो आणि खरा मुद्दा बाजूला राहतो.

शेवटचे तीन महिने निर्णायक का?

गाडीतील अनेक दोष एकाएकी उद्भवत नाहीत. स्टीअरिंग वळवताना येणारा बारीक ‘कट्’ असा आवाज, सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना होणारी खडखड, ऊन वाढल्यावर मंदावणारा एसी, पहिल्या गिअरमध्ये बसणारा हिसका, मधूनच काळी होणारी टचस्क्रीन, या सगळ्या गोष्टी सुरुवातीला किरकोळ वाटतात. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणत मालक त्या अंगवळणी पाडून घेतो. पुढची सर्व्हिस येते तेव्हा वॉरंटी संपलेली असते. आदल्या महिन्यात मोफत बदलला गेला असता तो स्टीअरिंग रॅक किंवा एसीचा कॉम्प्रेसर आता पाच आकडी बिल घेऊन समोर उभा राहतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे मोठे काम निघाले तर आकडा लाखाच्या घरातही जातो.

तीन महिने हा काळ उगीच सांगितलेला नाही. दोष दाखवणे, तो सर्व्हिस सेंटरने मान्य करणे, कंपनीकडून वॉरंटीच्या दाव्याला मंजुरी मिळणे, सुटा भाग मागवणे आणि तो बसवल्यावर गाडी काही दिवस चालवून पाहणे, या साखळीला काही आठवडे सहज लागतात. पहिला उपाय फसला तर दुसऱ्या प्रयत्नासाठीही वेळ हवा. महिन्याला दोन-अडीच हजार किमी धावणाऱ्या गाडीची किलोमीटरची मर्यादा तर तारखेच्या बऱ्याच आधी येऊ शकते. म्हणून कॅलेंडरइतकेच लक्ष ओडोमीटरवरही ठेवावे लागते.

सर्व्हिस सेंटर टाळाटाळ का करते?

याचे उत्तर वाईट वृत्तीत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधावे. अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुतेक ठिकाणी कंपनीचे नसते. ते डीलरचे, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाचे असते. ग्राहकाच्या पैशाने केलेल्या कामाचे पैसे त्याला लगेच मिळतात. वॉरंटीच्या कामाचे पैसे मात्र कंपनीकडून, कंपनीच्या दराने आणि कागदपत्रांच्या छाननीनंतर मिळतात. काढलेला जुना भाग तपासणीसाठी जपून ठेवावा लागतो किंवा परत पाठवावा लागतो. दावा फेटाळला गेला तर भुर्दंड डीलरवर पडू शकतो. म्हणजे तेच काम, तोच मेकॅनिक आणि तेवढाच वेळ देऊनही वॉरंटीचे काम डीलरच्या दृष्टीने कमी फायद्याचे आणि जास्त जोखमीचे ठरते.

दुसरीकडे, ग्राहकाशी बोलणाऱ्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरवर जादा कामे विकण्याचे लक्ष्य असते. इंजिन फ्लश, एसीची फवारणी, बॉडी कोटिंग, उंदीर प्रतिबंधक स्प्रे ही त्यातली नेहमीची नावे. त्यामुळे ज्या गाडीतला आवाज ‘आम्हाला ऐकूच आला नाही’ असे सांगितले जाते, त्याच गाडीला चार हजारांचे कोटिंग ‘अत्यावश्यक’ असल्याचेही त्याच टेबलावर सांगितले जाते. अ‍ॅडव्हायजरवर आवाज चढवून यात फरक पडत नाही. तो मंजुरी देणारा नसतो. फरक पडतो तो त्याच्याकडून काय लिहून घेतले, यामुळे.

जॉब कार्ड इतके महत्त्वाचे का?

गाडी आत घेताना तयार होणारे जॉब कार्ड हा या सगळ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्यावर तारीख, किलोमीटर आणि ग्राहकाची तक्रार असते. दोष वॉरंटीच्या काळात नोंदवला होता की नाही, याचा पुरावा म्हणजे हे कार्ड. तोंडी सांगितलेली तक्रार दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. महिन्याने तर ती झालीच नव्हती असे ठरते.

इथे होणारी चूक साधी असते. मालक सांगतो, ‘थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट समोरच्या डाव्या बाजूने खडखड येते.’ कार्डावर लिहिले जाते, ‘जनरल चेकअप’. किंवा, ‘आवाज तपासणे’. अशा नोंदीचा पुढे काहीच उपयोग होत नाही. तक्रार कधी, कुठे, किती वेगात, कोणत्या परिस्थितीत येते हे जसेच्या तसे लिहिले गेले पाहिजे आणि ते वाचल्याशिवाय सही किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी देऊ नये. अनेक ठिकाणी आता टॅबवर नोंद होते आणि ग्राहकाला फक्त ओटीपी विचारला जातो. हा ओटीपी म्हणजे सहीच आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

गाडी परत घेताना बंद झालेल्या जॉब कार्डाची प्रत आणि बिल दोन्ही घ्यावे. काम मोफत झाले असले तरी शून्य रकमेचे बिल मागावे, कारण कोणता भाग बदलला हे त्यावरच कळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘वॉरंटीच्या कामाचे बिल नसते’ हे उत्तर त्यामुळे मान्य करण्याचे कारण नाही.

‘दोष आढळला नाही’ असे सांगितले तर?

सर्व्हिस सेंटरची तीन उत्तरे ठरलेली असतात. ‘आम्ही चालवून पाहिली, काही जाणवले नाही’, ‘या मॉडेलमध्ये असेच असते’ आणि ‘अजून थोडी चालवा, सेट होईल’. तिन्हींना वेगवेगळे उत्तर आहे.

पहिल्यावर उपाय म्हणजे पुरावा आणि सोबत फेरी. मधूनच येणारा दोष मोबाइलवर चित्रित करून ठेवावा. चित्रीकरणात जमल्यास ओडोमीटरही दिसू द्यावा. डॅशबोर्डवर लागलेला इशाऱ्याचा दिवा गाडी बंद-चालू केल्यावर विझतो, पण इंजिनच्या संगणकात त्याचा कोड बहुधा राहतो. तो स्कॅनरने वाचून त्याची नोंद कार्डावर करण्यास सांगता येते. दोष फक्त थंड इंजिनावर येत असेल तर गाडी आदल्या रात्री तिथे ठेवून सकाळी तंत्रज्ञासमोर सुरू करावी. दुपारी बारा वाजता गरम इंजिन दाखवून काही निष्पन्न होत नाही.

दुसऱ्या उत्तरावर त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवण्याची विनंती करावी. टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुतेक शोरूममध्ये असते. दोन्ही सारख्या वागल्या तर मालकाची शंका मिटते. नाही वागल्या तर सर्व्हिस सेंटरला उत्तर द्यावे लागते. तिसऱ्या उत्तरावर एकच मागणी करावी, ‘हेच कार्डावर लिहून द्या.’ ‘निरीक्षणाखाली ठेवले’ एवढी नोंद झाली तरी दोष वॉरंटीत सांगितला गेला होता हे सिद्ध होते. लिहून देण्याची वेळ आली की अनेकदा दोष सापडतोही.

वॉरंटी कंपनीची असते, एका डीलरची नव्हे. एका ठिकाणी दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत केंद्रात गाडी नेता येते. तालुक्याच्या गावी एकच केंद्र असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्या-मुंबईत जाण्याचा त्रास होतो खरा. पण मोठ्या केंद्रांत त्या मॉडेलच्या तशाच तक्रारी आधी आलेल्या असण्याची शक्यता अधिक असते.

शेवटची तपासणी कशी करून घ्यावी?

वॉरंटी संपण्याच्या दोन-तीन महिने आधी, नेहमीच्या सर्व्हिसपासून वेगळी, फक्त तपासणीसाठी वेळ घ्यावी. त्याआधी आठवडाभर गाडी चालवताना जे जे खटकते त्याची यादी करावी. काचा, कुलपे, सनरूफ, मागचा कॅमेरा, सर्व सेन्सर, सीटचे पट्टे, हॅण्डब्रेक, हे रोज न वापरले जाणारे भागही वापरून पाहावेत. पावसाळ्यात आत पाणी येते का हे उन्हाळ्यात कळत नाही. म्हणून वॉरंटी मे महिन्यात संपत असेल तर दारांचे रबर आणि डिकीची गळती आदल्या पावसाळ्यातच तपासून घ्यावी.

केंद्रात गाडी लिफ्टवर उचलून खालून दाखवण्याची विनंती करावी. तेलाची गळती, शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर पाझरलेले तेल, फाटलेले रबर बूट, सैल बुश या गोष्टी डोळ्यांना दिसतात. कोकणात किंवा गोव्यात वापरल्या जाणाऱ्या गाडीत गंजाकडे विशेष लक्ष द्यावे. कंपनीने त्या मॉडेलसाठी नवे सॉफ्टवेअर किंवा सुधारित भाग आणला आहे का, हेही स्पष्ट विचारावे. अशी तांत्रिक परिपत्रके डीलरकडे येतात, ग्राहकाकडे नव्हे. गाडी रिकॉलच्या यादीत आहे का हे चॅसिस क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते. सुरक्षेशी संबंधित रिकॉलचे काम मोफत होते आणि त्याचा वॉरंटीशी संबंध नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद आली असून त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.

बाहेर काम केले तर वॉरंटी जाते का?

या प्रश्नाचा धाक सर्वाधिक दाखवला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देऊन कंपन्या स्पर्धा रोखतात, असा तो निष्कर्ष होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट ठेवू नये, मात्र बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरते संरक्षण कंपनीने ठेवावे, असेही आयोगाने सांगितले. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, पण त्यामागचे तत्त्व सोपे आहे. बाहेर बसवलेल्या सीट कव्हरमुळे गिअरबॉक्सची वॉरंटी जाऊ शकत नाही.

मात्र बाहेर वायर कापून बसवलेले जादा दिवे, म्युझिक सिस्टीम किंवा बाहेरून लावलेले सीएनजी किट यांच्याशी संबंधित बिघाडात कंपनीला नकार देण्यास आयते कारण मिळते. वेळेवर सर्व्हिस न केल्याचेही तेच. वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत केंद्रात वेळेवर करून घेणे आणि वायरिंगला हात न लावणे हेच व्यवहार्य आहे. दावा फेटाळला गेल्यास कोणत्या अटीखाली, हे मात्र लेखी मागावे.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

ती बहुधा मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्यावी लागते आणि उशीर केला तर महाग पडते. ती मूळ वॉरंटीइतकी व्यापक असेलच असे नाही. वगळलेल्या भागांची यादी आणि दाव्याची कमाल मर्यादा वाचूनच निर्णय घ्यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो इंजिन, भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेली आणि पाच-सहा वर्षे ठेवायची गाडी असेल तर ती घेण्यात अर्थ आहे. साध्या मॅन्युअल गाडीसाठी, जी वर्षभरात विकायची आहे, तिची गरज कमी. पण मूळ वॉरंटीतच दाखवता येणारा दोष ‘एक्स्टेंडेडमध्ये करू’ म्हणून पुढे ढकलू देऊ नये.

वॉरंटी नुकतीच संपली आणि लगेच मोठा बिघाड झाला, तर मार्ग पूर्ण बंद होत नाही. सर्व्हिसचा इतिहास चोख असेल तर काही कंपन्या खर्चाचा वाटा उचलतात. तो हक्क नव्हे, सवलत असते. पण ती मागणाऱ्यालाच मिळते.

डीलरने आणि कंपनीने हात वर केले तर?

आधी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला जॉब कार्ड क्रमांक, चॅसिस क्रमांक आणि तारखांसह ई-मेल करावा. फोनवरील आश्वासनाला पुढे किंमत राहत नाही. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. अनेक कंपन्या या टप्प्यावर हलतात.

त्यानंतरचा टप्पा ग्राहक आयोगाचा. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बहुतेक गाड्या यातच येतात. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि २० लाखांपर्यंत ४०० रुपये. कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. चाचणीची गरज नसेल तर तीन आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे.

नवी गाडीच मिळू शकते का?

अपेक्षा आणि कायदा यांत इथे अंतर आहे. वॉरंटीत कंपनीचे दायित्व सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश त्यावरून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगशी संबंधित प्रकरणात म्हटले होते. उत्पादनातील मूलभूत दोष सिद्ध करायचा तर तज्ज्ञांचा अहवाल लागतो. अमेरिकेतील राज्यांत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी ‘लेमन लॉ’ आहेत. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही.

डीलर आणि कंपनी यांतील सीमारेषाही ग्राहकाला महाग पडते. गोव्यातील एका डीलरने आधी वापरलेली, २००९ सालची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात, डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचे सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. म्हणून तक्रार करताना डीलर आणि कंपनी या दोघांनाही पक्षकार करावे आणि कोणाची चूक कोणती, हे वेगवेगळे मांडावे.

बदल कशात हवा?

दर वेळी ग्राहकानेच सावध राहावे, हा सल्ला उपयोगी असला तरी न्याय्य नाही. गाडी कधी विकली, किती चालली, कोणत्या तक्रारी आल्या याची सगळी माहिती कंपनीच्या संगणकात असते. ती विम्याच्या आणि सर्व्हिसच्या फोनसाठी वापरता येते, तर वॉरंटी संपण्याआधी ९० दिवस लेखी सूचना देण्यासाठीही वापरता येईल. त्याच वेळी एक मोफत तपासणी आणि तिचा सही केलेला अहवाल देणे कंपन्यांवर बंधनकारक करायला हवे. वॉरंटीत नोंदवलेला दोष दूर होईपर्यंत त्या दोषापुरती वॉरंटी संपणार नाही, एवढी अट पुस्तिकेत स्पष्ट शब्दांत यायला हवी. डीलरला वॉरंटीच्या कामाचा मोबदला वेळेवर आणि रास्त मिळाला, तर टेबलापलीकडच्या माणसाचीही टाळाटाळ कमी होईल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्या दिशेने पुढचे पाऊल म्हणून हे नियम करणे अवघड नाही.

ते होईपर्यंत गाडीच्या कागदपत्रांची पिशवी उघडून वॉरंटीची तारीख आणि किलोमीटरची मर्यादा पाहून घ्यावी आणि त्याच्या तीन महिने आधीचा दिवस मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.